दहापैकी नऊ

निकम सरांना मी मनातल्या मनात आजही घाबरते. ते जाऊन इतकी वर्षं झाली की हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. पण नववीच्या त्या वर्षाबद्दल लिहायला बसले आणि सगळ्यात आधी आठवला तो त्यांच्या चामडी वहाणांचा करकर आवाज. व्हरांड्यातून तो यायला लागला की आमचा पन्नासेक पोरापोरींचा वर्ग एकदम गार पडायचा. सर मारकुटे नव्हते. छडी त्यांच्या हातात मी कधी पाहिली नाही. खिशाला लाल शाईचं पेन असायचं, तेवढं पुरे होतं. देहूरोडला एका लष्करी कचेरीत ते आधी कारकून होते, मग बाहेरून परीक्षा देत देत मास्तर झाले, आणि कारकुनी अंगातून काही गेली नाही. आठवडासुद्धा त्यांनी आखून टाकलेला. सोमवारी वीस शब्द घोकून यायचे. मंगळवार-बुधवार धडा, एकेकानं उभं राहून वाचायचा आणि सरांनी खिडकीबाहेर बघत ऐकायचा. गुरुवारी भाषांतर. एवढं कसंबसं निभायचं. धास्ती असायची ती शुक्रवारची, कारण शुक्रवारी पत्र असायचं.

पत्राचा साचा त्यांनी जूनमध्येच फळ्यावर मांडून दिला होता. आधी आदर, मग कारण, मग माफी, मग पुन्हा असं होणार नाही याची हमी, आणि शेवटी आपला आज्ञाधारक. पत्र हेडमास्तरांना असो, पोस्टमास्तरांना असो की गावाकडच्या काकांना, माफी हवीच. काकांची माफी कशाबद्दल मागायची, असं एकदा कुणीतरी धीर करून विचारलं. सर म्हणाले, "पत्र पाठवायला उशीर झाला म्हणून. उशीर झालेलाच असतो." कारण दोन ओळींत आटपायचं, आणि त्यात दुसऱ्याचं नाव आलेलं तर त्यांना मुळीच खपत नसे. "आईनं उठवलं नाही, भावानं वही फाडली, हे चालायचं नाही. आपलं आपण पदरात घ्यायचं. दुसऱ्यावर ढकलणारा माणूस त्याच्या पत्रातून लगेच ओळखू येतो." माफी विसरली की दोन मार्क जायचे, दुसऱ्याचं नाव घेतलं की चार. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून ते घरी नेत आणि शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांत चांगलं पत्र वर्गात मोठ्यानं वाचून दाखवत. दिवाळीपर्यंत बहुतेक शनिवारी माझंच पत्र वाचलं गेलं. दहापैकी नऊ. दहा ते कुणालाच देत नसत. मला माझं इंग्रजी चढलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

आम्ही तेव्हा पिंपरीत, रेल्वेलाइनच्या पलीकडं, पत्र्याच्या चाळीत राहायचो. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, उस्मानाबादकडून येऊन एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले होते. घरात घड्याळ नव्हतं, भोंगे होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आईनं तवा टाकलेला असायचा. भाकरी थापल्याचा आवाज, शेजारच्या स्टोव्हची भरभर, आणि वारा उलटा फिरला की कुठल्यातरी ओतकामाच्या जळक्या वाळूचा वास. आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळं दादा घरी असले की आम्ही शाळेत, आणि आम्ही घरी असलो की दादा कामावर. गुरुवारी शाळेतून येताना लांबूनच सुकटीचा वास लागायचा आणि दादा दारात बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला हाका मारत असायचे. "आमची शकू इंग्रजीत पत्र लिहिती, एकटाकी! काय कागद असला तर घेऊन या." लोक खरंच यायला लागले. कुणाचा रजेचा अर्ज, कुणाच्या औषधाच्या पेटीवरचं इंग्रजी, कुणाला कंपनीनं दिलेली नोटीस. आईला ते आवडायचं नाही. ती भाकरीवरचा हात न थांबवता म्हणायची, "परक्याच्या कागदाला हात लावू नको शकू. त्याचं बरं झालं तर त्याचं, वाईट झालं तर तुझं." मी मान हलवायची आणि पेनात शाई भरायची.

सोपाननाना आले ते असेच. ते मूळचे तिथलेच, जुन्या गावातले. जमीन एका कारखान्यात गेली आणि त्या बदल्यात फाउंड्रीत भट्टीवर काम मिळालं. नदीकडं एक तुकडा उरला होता, त्यात वांगी-घेवडा निघायचा. बाकी घरातली सात तोंडं त्या नोकरीवर. शाळा चौथीपर्यंत झालेली. सही करायचे, पण अशी दाबून, की कागदाच्या मागं बोट फिरवलं तर हाताला लागावी. पहिल्या खेपेला ते आमच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आईनं पाणी पुढं केलं तर म्हणाले, "आत्ताच प्यालोय." आम्ही कोण, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते का पीत नाहीत हे आम्हाला. आईनं तांब्या आत नेऊन ठेवला. पण त्यांचे दोन अर्ज मी लिहिले, रजा मंजूर झाली, आणि तिसऱ्या खेपेला नाना चटईवर बसून चहा प्याले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीभर वांगी पाठवली. दादा ती वांगी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बघितलंस? तुझ्या इंग्रजीनं केलं हे." माझ्या आयुष्यात पुढं मला शिक्षिका म्हणून शालीबिली मिळाल्या, पण तितकी उंच मी पुन्हा कधी झाले नाही.

तो गुरुवार हिवाळ्यातला. मी शाळेतून आले तर नाना आधीच येऊन बसलेले, आणि चहा समोर निवत होता. त्यांनी बंडीच्या आतून कागद काढला.

"पोरी, ह्यो जरा बग. काल सायबानं हातात कोंबला आन् सही घेतली. उद्याच्याला जवाब मागितलाय."

कागदावर तीनच वाक्यं होती. परवानगीशिवाय कामाची जागा सोडली, त्यामुळं कंपनीचं नुकसान झालं, कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्यावा. मी ते मराठीत सांगितलं तसे नाना ताडकन सरळ बसले.

"परवानगीबिगर? आरं, एका गड्याच्या पायावर तापलेलं ल्वाखंड सांडलं. फोरमनच म्हनला, नाना, ह्याला दवाखान्यात न्ये. म्या न्हेला. माघारी येस्तवर माल थंड झाला, सगळा वाया ग्येला. आता म्हनत्यात, मी काम सोडून ग्येलो!"

"लिव्ह गं शकू," दादा म्हणाले. "असं लिव्ह की सायेब बघत राहिला पायजे."

मी वही उघडली. आई मोरीपाशी भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला मला ऐकू आला. मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. मला वाटला तो हुरूप. इतक्या मोठ्या साहेबाला पत्र लिहायचं होतं आणि साचा तर मला तोंडपाठ होता. विथ ड्यू रिस्पेक्ट लिहिलं. कारणाच्या दोन ओळी लिहिल्या: एक कामगार जखमी झाला, त्याला दवाखान्यात नेण्यासाठी मी माझी जागा सोडली. मग फोरमनपाशी अडले. फोरमननं सांगितलं, हे लिहायला मला येत होतं. तेवढे शब्द माझ्याजवळ होते, ही पळवाट मी आजवर स्वतःला दिलेली नाही. पण डोळ्यांसमोर लाल शाई आली. दुसऱ्याचं नाव. चार मार्क. मी फोरमनला सोडून दिलं आणि पुढं माफी लिहिली, चांगली तीन ओळींची, माझ्या हातून घडलेल्या या गंभीर चुकीबद्दल मला अत्यंत खेद होतो, कृपया या वेळी क्षमा करावी, पुन्हा असं कधीही होणार नाही. गंभीर हा शब्द त्याच आठवड्यात सोमवारच्या वीसांत आला होता. तो वापरायला मिळाला म्हणून मी खूश होते.

नानांनी जिभेचं टोक बाहेर काढून सही केली. "समदं लिव्हलंस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ते टाइम ऑफिसात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून आणला. शुक्रवारीच दुपारी सरांनी पत्राचा विषय दिला, एखाद्या अधिकाऱ्यास पत्र. मी ते पत्र जसंच्या तसं वहीत उतरवलं, खाली नानांच्या जागी माझं नाव लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी वही ठेवून दिली. बाकीची पोरं अजून पहिल्या ओळीत अडकलेली होती.

शनिवारी दुसरा तास इंग्रजीचा. सरांनी माझी वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. माफीच्या ओळींवर त्यांचा आवाज चढला, हमीवर खाली आला. वाचून झाल्यावर म्हणाले, "याला म्हणतात पत्र. सगळं जिथल्या तिथं. कांबळे, उभी राहा. ही कारखान्याची कल्पना तुला कुठून सुचली?"

"कल्पना नाही सर," मी म्हणाले. माझा ऊर नुसता भरून आला होता. "खरं पत्र आहे. आमच्याकडं येतात त्या नानांचं. काल कंपनीत दिलं त्यांनी."

सरांनी वही पुन्हा उघडली. या वेळी मोठ्यानं वाचली नाही. एकेक ओळीवरून त्यांचं बोट सरकत होतं आणि माफीपाशी येऊन ते थांबलं.

"त्यांनी विचारल्याशिवाय जागा सोडली होती?"

"नाही सर. फोरमननीच पाठवलं होतं."

"मग ते यात का नाही?"

"तुम्हीच सांगितलंय सर. दुसऱ्यावर ढकलायचं नाही."

वर्गात कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांच्या कपाळावरचा रंग उतरत गेला, तो मी पहिल्या बाकावरून पाहिला. काय झालं ते कळत नव्हतं, पण काहीतरी फार वाईट झालंय आणि ते माझ्याच अक्षरात आहे, एवढं कळलं. सर मला बस म्हणायला विसरले. तास संपेपर्यंत मी उभीच होते.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि थेट फाउंड्रीचं फाटक गाठलं. उताराला लागल्यावर, पुढं बघतच म्हणाले, "लेखी माफी म्हणजे कबुली असते, कांबळे. कचेरीत मी असे कागद पाहिलेत." फाटकावरच्या वॉचमननं आत सोडलं नाही. पाळी सुटेल साडेतीनला, तोवर थांबा. समोर कडुनिंबाखाली चहाची टपरी होती, तिथं आम्ही चार तास बसून राहिलो. सरांनी मांडीवर वही ठेवून दुसरं पत्र लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्यात माफी नव्हती. फोरमनचं नाव पहिल्याच ओळीत होतं. त्यांनी मला भजी घेऊन दिली, स्वतः काही खाल्लं नाही. मी सगळी भजी खाल्ली, आणि याची मला आजही लाज वाटते.

नाना बाहेर आले तेव्हा भुवयांवरसुद्धा काळी वाळू होती. आम्हाला दोघांना तिथं बघून ते गोंधळले. सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, "नाना, मी शकूचा मास्तर. पत्रात एक मुद्दा राहिला होता. तो घालून हे दुसरं लिहिलंय, एवढं आत देऊन या."

"एवढ्यासाठी तुमी उनात बसला व्हय?" नाना ओशाळून म्हणाले आणि सायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. परत आले ते हसत. कारकून म्हणाला होता, कालचं पत्र वर गेलं, हे घेतो पण तारीख आजची पडेल. "पडू दे की," नाना म्हणाले. "तारखंनं काय हुतंय?" सर माझ्याकडं बघेनात आणि मी सरांकडं. एक मुद्दा राहिला होता, म्हणे. इतका धाक असलेला माणूस असं मऊ खोटं बोलतो, हे मला तिथं कळलं आणि मी त्यांच्यावर मनातून फार चिडले. आणि खोटं बोलले म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर चौकशी सुरू झाली. ती महिनाभर चालली. फाउंड्रीतल्या युनियनचा एक माणूस दादांच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून तुकड्यातुकड्यानं बातम्या यायच्या. जखमी गडी गावाला निघून गेला, त्याचा पत्ता नाही. फोरमन म्हणतो, मी कुणाला पाठवलं नाही. वर विचारतो, पहिल्या पत्रात माझं नाव तरी आहे का? दुसरं पत्र मुदतीनंतरचं म्हणून चौकशीत बाजूला सारलं, आणि नानांपुढं पहिलं ठेवून एवढंच विचारलं, सही तुमची का? नाना म्हणाले, व्हय. हे सांगून झाल्यावर दादा माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मी बरीच वर्षं समजत आले. आता तेवढी खात्री देता येत नाही. दारात बसून हाका मारणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. वांगी येतच राहिली. नानांची बायको दर आठवड्याला पाठवायची आणि आई ती चिरायची. मी भाकरी नुसत्या चटणीशी खायची.

वर्गातही शुक्रवार बदलले. दोन शुक्रवार सरांनी पत्र घेतलंच नाही, व्याकरण शिकवलं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी फळ्यावरचा साचा, जो जूनपासून एका कोपऱ्यात जपून ठेवलेला असायचा, स्वतःच्या हातानं पुसला. म्हणाले, "आज असं पत्र लिहा की ज्यात माफी नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, आणि तेवढंच सांगायचंय." पन्नास पोरं पेनं धरून बसली. पाऊण तास गेला. कुणालाही जमलं नाही. एकानं लिहिलं, माझी चूक नाही याबद्दल क्षमस्व. मी विथ ड्यू रिस्पेक्ट लिहिलं आणि पुढं हात चालेना. सरांनी वह्या गोळा केल्या, कुणालाच मार्क दिले नाहीत, आणि वहाणा करकरत निघून गेले. आता मी पिंपळे सौदागरला मुलाच्या घरी सातव्या मजल्यावर राहते. नातू फोनवरून त्याच्या साहेबाला दोन ओळी धाडतो, त्यात आदर नसतो की खेद. त्याला उद्धट म्हणावं असं जिभेवर येतं आणि मी गप्प बसते.

निकाल आमच्या घरी आला तोही गुरुवारीच. चारचा सुमार असेल. नाना आले, वहाणा काढल्या, चटईवर बसले आणि बंडीतून पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. आदल्या दिवशी पाळी सुटताना हातात दिलेलं ते फोडलेलंसुद्धा नव्हतं. "तुझ्याच हातनं वाचू म्हनलं," ते म्हणाले. दादा खांबाला टेकून उभे होते. आई आतून येऊन दारात थांबली.

याही कागदावर तीनच वाक्यं होती. पहिलं, चौकशी पूर्ण झाली. दुसरं मी मनात वाचलं. आपण आपल्या सहीच्या पत्रात चूक गंभीर असल्याचं स्वतः मान्य करून क्षमा मागितली असल्यामुळं अधिक पुराव्याची गरज उरत नाही. गंभीर हा माझाच शब्द होता, त्यांनी अवतरण चिन्हात घातलेला. तिसरं, आजपासून आपल्याला कामावरून काढण्यात येत आहे. मी पहिलं वाक्य मराठीत सांगितलं. मग तिसरं सांगितलं. माझा आवाज कापला नाही, सरांनी शिकवल्यासारखा सरळ निघाला.

नानांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू बघितली आणि पुन्हा सुलटा करून माझ्यापुढं धरला.

"आन् माजं चुकलं काय, त्ये न्हाई व्हय लिव्हलं यात कुटं?"

दादा माझ्याकडं बघत होते. आई बघत होती.

"नाही नाना," मी म्हणाले. "ते लिहिलेलं नाही."